सेनेटर ग्रिम्सली आणि टिपणीसांचे व्याही

प्रबोध टिपणीसांनी आयुष्यात एकदाही मत दिलेलं नव्हतं. यात त्यांचा काही दोष नव्हता. देशात निवडणूक लागली की ते नेमके समुद्रावर असत. आणीबाणीनंतर सरकार पडलं तेव्हा ते चिलीच्या किनाऱ्यावर खताची पोती उतरवून घेत होते, आणि ती बातमी त्यांना पुढच्या बंदरात एका ग्रीक खानसाम्याने सांगितली, तीही कांद्यांबद्दल बोलता बोलता. पुढे बोटी सोडून ते सिंगापुरात सेम्बावांगला जहाजांच्या दुरुस्तीवर देखरेख करायला लागले, तर इथे ते परके. लोकशाहीने त्यांना दोन्ही दारांतून बाहेर ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर बाहेरची हवा त्यांना मानवली होती.

अशा माणसाच्या घरात एका अमेरिकन सेनेटरवरून दोन तट पडले आणि त्यापायी मुलीचं ठरलेलं लग्न मोडायची वेळ आली, हे कुणाला खरं वाटणार नाही. न वाटो. झालं ते असं झालं.

शहाण्णव साल. टिपणीसांची मैत्रेयी आंग मो किओच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत होती, आणि अमेय सबनीस नावाचा मुलगा अमेरिकेतून वर्षभरासाठी बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात आला होता. महाराष्ट्र मंडळाच्या आदल्या वर्षीच्या दिवाळीत फराळाच्या रांगेत दोघं पुढेमागे उभे राहिले, आणि रांग संपेपर्यंत त्यांचं बहुतेक सगळं ठरलं. रांग मोठी होती. आता अमेय परत गेला होता आणि त्याचे आईवडील पुण्याला जाता जाता चार दिवस टिपणीसांकडे उतरणार होते. कशासाठी, तर मुलगी बघायला. मुलाने मुलगी बघून, पसंत करून, तिला रोज ईमेल पाठवायला लागूनही मुलगी बघायची राहतेच, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

टिपणीसांनी या कामाला चीफ इंजिनियरच्या शिस्तीने हात घातला. नव्या बोटीवर चढणारा चीफ उतरणाऱ्या चीफकडून सगळं समजून घेतो: कुठला पंप कुरकुरतो, कुठली झडप फसवी आहे, आणि मुख्य म्हणजे कप्तानाला काय आवडतं. कप्तानाचं एकदा कळलं की सफर सुखाची होते. टिपणीसांनी मैत्रेयीला सांगितलं, "अमेयला विचार, त्याच्या वडिलांना काय आवडतं."

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. मैत्रेयीने वाचून दाखवलं, "बाबांना सेनेटर ग्रिम्सली आवडतो. प्लीज तो विषय काढू नका."

पहिलं वाक्य टिपणीसांनी मनात कोरून ठेवलं. दुसरं त्यांनी मुलाचा विनय म्हणून सोडून दिलं.

आता हा ग्रिम्सली कोण, ते शोधायचं. समोरच्या ब्लॉकमध्ये श्रीराम घैसास राहत. ते कॉम्प्युटर कंपनीत मॅनेजर होते आणि दर आठवड्याला एक अमेरिकन साप्ताहिक विकत घेत असल्यामुळे अमेरिका हा देश त्यांच्या अखत्यारीत आला होता.

"चीफ, सोपं आहे," श्रीराम म्हणाले. "ग्रिम्सली म्हणजे सबनीसांच्या राज्याचा सेनेटर. पक्का कॉन्झर्व्हेटिव्ह."

"म्हणजे नक्की काय?"

"म्हणजे जुनं जपणारे. देव, देश, कुटुंब आणि बंदूक."

"बंदूक कशाला?"

"पहिली तीन जपायला."

"आणि दुसरे?"

"ते लिबरल. त्यांना वाटतं, सरकारने सगळ्यांचं बघावं. पण तुम्हाला त्यांच्याशी काय करायचंय? तुमचे व्याही कुठल्या बाजूचे आहेत ते पक्कं झालंय. आता फक्त रेकॉर्ड पाठ करा. कुठल्या बिलाला हो म्हणाला, कुठल्याला नाही म्हणाला. अमेरिकन माणसाशी असं बोललं की तो विरघळतो."

टिपणीसांनी लायब्ररीत जाऊन रेकॉर्ड पाठ केलं. कर वाढवायला ग्रिम्सलींनी सतत विरोध केला होता. झेंड्याच्या बाजूने ते भाषणं करत. नदीवरच्या एका पुलाला त्यांनी आधी विरोध केला आणि पूल झाल्यावर फीतही कापली. शाळेतल्या मुलांच्या मोफत जेवणाविरुद्ध त्यांनी ठामपणे मत दिलं होतं. संजीवनीबाई भाजी निवडताना नवऱ्याची उजळणी ऐकत होत्या. "अहो, पोहे करायचे की साबुदाण्याची खिचडी, ते सांगा आधी," त्या म्हणाल्या. टिपणीस म्हणाले, "पुलाचं साल विसरलो."

पाहुणे आले. मनोहरराव उंच, शांत, पांढऱ्या मिशांचे. अरुणाताई ठेंगण्या, तरतरीत. त्यांनी आल्या आल्या मैत्रेयीला जवळ घेतलं आणि तिच्या कानातल्यांची चौकशी केली. सगळं झकास चाललं होतं. रात्रीची पानं मांडली. भरली वांगी होती, मसालेभात होता. टिपणीसांनी पहिला घास घेतला, घसा साफ केला आणि म्हणाले, "बाकी काही म्हणा मनोहरराव, शाळेतल्या मोफत जेवणाविरुद्ध उभं राहायला ग्रिम्सलीसाहेबांसारखी छाती लागते."

मनोहररावांनी डोळे मिटले. अरुणाताईंच्या हातातली पोळी तशीच ताटात उतरली.

"काय म्हणालात?" अरुणाताईंनी विचारलं.

टिपणीसांना वाटलं, बाईंना नीट ऐकू आलं नाही. त्यांनी तेच वाक्य मोठ्याने, पुलाची भर घालून सांगितलं.

आता एक गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती. अरुणा सबनीस त्या राज्यातल्या शाळांच्या मुदपाकखान्यात आहारतज्ज्ञ होत्या. ज्या मोफत जेवणाविरुद्ध ग्रिम्सली उभे राहिले होते, ते जेवण त्या स्वतः ठरवत. आणि टिपणीसांची सगळ्यात मोठी चूक ही, की त्यांनी या बोटीवर कप्तान एकच आहे असं धरलं होतं.

जेवण झाल्यावर मनोहरराव त्यांना गॅलरीत घेऊन गेले. "प्रबोधराव," ते हळू आवाजात म्हणाले, "आमच्या घरात करार आहे. ग्रिम्सलीचं नाव जेवणाच्या टेबलावर काढायचं नाही. गराजमध्ये काढलं तर चालतं. तो करार आज तुम्ही मोडलात."

"पण तुम्हाला तर ते आवडतात."

"मला आवडतात म्हणूनच गराज आहे."

टिपणीस काही कच्चे नव्हते. बॉयलरचा दाब एका बाजूला वाढला तर दुसरी झडप उघडायची असते. सकाळी अरुणाताई एकट्या चहा घेत बसल्या होत्या ते बघून ते म्हणाले, "अरुणाताई, रात्री मी नीट बोललो नाही. पोरांच्या तोंडचा घास काढणारा माणूस, त्याला काय सेनेटर म्हणायचं."

अरुणाताईंचा चेहरा जरा उजळला. पण बाथरूमचं दार उघडं होतं, आणि त्या दारात अर्धी दाढी केलेले मनोहरराव उभे होते.

"काल छाती म्हणत होतात," ते म्हणाले.

तिथून पुढे टिपणीसांच्या शब्दाला त्या घरात कुणी किंमत देईना. कॉन्झर्व्हेटिव्हांच्या लेखी ते फितूर, आणि लिबरलांच्या लेखी लोचट.

तरी त्यांनी पाहुण्यांना सिंगापूर दाखवायला नेलं, आणि तिथे जे झालं त्याने त्यांचा उरलासुरला धीर सुटला. नवराबायकोंनी अख्खं शहर पुराव्याला घेतलं. एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, वेळेवर आली, तर मनोहरराव म्हणाले, "बघ, शिस्त. ग्रिम्सली हेच सांगतो." अरुणाताई म्हणाल्या, "बघ, गाडी सरकारची आहे. ग्रिम्सली असता तर ती धावलीच नसती." रस्ता स्वच्छ दिसला, तर एकाने त्याचं श्रेय दंडाला दिलं आणि दुसरीने झाडूवाल्यांना. हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत मनोहरराव प्रत्येक गाळ्याकडे बोट दाखवून म्हणत, "हा खरा छोटा धंदेवाला." अरुणाताई म्हणत, "आणि या धंदेवाल्याला छप्पर कुणी दिलं?" मग दोघंही टिपणीसांकडे वळत. "प्रबोधराव, तुम्ही इथे राहता. तुम्हीच सांगा." टिपणीस म्हणत, "उसाचा रस घेता का थोडा?" दोघंही रस घेत आणि पुन्हा भांडत. टिपणीस इतक्या वर्षांत हे शहर नुसतं राहण्यासाठी वापरत होते. हे कुणाच्या तरी बाजूने बोलतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

संजीवनीबाईंना यातलं निराळंच काही दिसलं. एका दुपारी त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, मला ते पक्षबिक्ष कळत नाहीत. पण जो जुनं जपणारा आहे ना, तो सकाळी उठून स्वतःचा चहा करतो, कप विसळतो, आणि म्हणतो, लग्न रजिस्टर करा, उगाच थाट कशाला. आणि ज्या पुरोगामी आहेत, त्यांनी काल मला मैत्रेयीची पत्रिका मागितली. मंगळ आहे का म्हणून विचारत होत्या. मामा कुणीकडे उभा राहणार तेही विचारलं."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, पत्रिका गोदीत असेल, ह्यांच्या कागदांत. तुम्ही आता सांभाळून घ्या."

ते सांभाळायच्या आत गोष्टी हाताबाहेर गेल्या. अरुणाताई स्वयंपाकघरात म्हणाल्या की, रात्री एक आणि सकाळी दुसरं बोलणाऱ्या माणसाच्या घरी मुलगा द्यायचा म्हणजे विचार करायला हवा. गॅलरीत मनोहरराव जवळजवळ तेच म्हणाले, फक्त शब्द थोडे सभ्य होते. आल्यापासून नवराबायकोचं एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं, ते हे. त्यानंतर अरुणाताई आपली बॅग घेऊन श्रीरामांच्या घरी राहायला गेल्या. श्रीरामांच्या बायकोने, मेधावहिनींनी, त्यांचं मनापासून स्वागत केलं. श्रीराम त्या संध्याकाळी घरी पोचले तेव्हा आपलं घर लिबरल झालंय हे त्यांना जिन्यातच समजलं.

मैत्रेयी ऑफिसातून आली, तिने सगळं ऐकून घेतलं आणि पर्स टेबलावर ठेवून म्हणाली, "बाबा, मी आयुष्यात एक माणूस निवडला. तुम्ही सेनेटर कशाला निवडलात?"

ती रात्री जेवली नाही, आणि संजीवनीबाईंनी तिच्यासाठी झाकून ठेवलेलं ताट बघत टिपणीस बराच वेळ बसून राहिले. मुलीचा शब्द राखायचा, एवढंच एक काम होतं. जहाजं दुरुस्त करणाऱ्या माणसाने घरातली चालती गाडी बिघडवली होती.

शेजारच्या मिसेस लिम लिफ्टमध्ये भेटल्या. भिंती पातळ, त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. "युअर गेस्ट्स फाइट अबाउट व्हॉट? मनी?"

"सेनेटर," टिपणीस म्हणाले.

"युअर रिलेटिव्ह, आह?"

"नो. अमेरिकन."

मिसेस लिम दोन मजले विचार करत होत्या. "सो फार ऑल्सो कॅन फाइट," त्या म्हणाल्या, आणि इतक्या लांबच्या माणसावरूनही भांडता येतं याबद्दल त्यांच्या आवाजात थोडा आदरही होता.

तोवर सेम्बावांग ते बुओना व्हिस्टा मराठी मंडळींत ग्रिम्सली पसरला होता. ज्यांनी हे नाव परवापर्यंत ऐकलंही नव्हतं ते आता ठाम होते. एका कुटुंबात तर सासू ग्रिम्सलीच्या बाजूची म्हणून सून विरुद्ध गेली. श्रीराम म्हणाले, "चीफ, हे असं दारोदार नको. एकदा काय ते समोरासमोर होऊ द्या. वादविवाद ठेवू. दोघं आपापली बाजू मांडतील, टाळ्या होतील, मन मोकळं होईल. तुमच्या ब्लॉकखालची मोकळी जागा घ्या."

आता ब्लॉकखालची ती जागा, तिला इथे व्हॉइड डेक म्हणतात, ती घ्यायची तर परवानगी लागते. टिपणीस वसाहतीच्या ऑफिसात गेले. काउंटरवरच्या बाई फार सौजन्याने वागल्या.

"कशासाठी हवी? लग्न की अंत्यविधी?"

टिपणीस प्रामाणिक माणूस. "अजून ठरायचंय," ते म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग टिपणीसांनी सगळं समजावून सांगितलं: ग्रिम्सली, मोफत जेवण, पूल. बाईंनी शांतपणे ऐकलं आणि शेवटी विचारलं, "इंडियन लोक, सिंगापूरची जागा, अमेरिकन राजकारण. राइट?"

"राइट."

"अंकल, राजकारणाचं भाषण असेल तर आधी पोलिसांना विचारायला हवं, लाह."

पोलीस हा शब्द ऐकताच टिपणीसांना आपलं इथलं राहणं, नोकरी, मुलीचा कामाचा पास, गोदीचा दरवाजा, सगळं एका रांगेत तरंगत दूर जाताना दिसलं. त्यांनी बाईंचे आभार मानले आणि जागा कशालाच नको असं सांगून ते घरी आले. अडचण एवढीच, की श्रीरामांनी आमंत्रणं आधीच केली होती.

संध्याकाळी टिपणीसांच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. एका बाजूला सोफ्यावर मनोहरराव आणि त्यांची माणसं, दुसऱ्या बाजूला चटईवर अरुणाताई आणि त्यांची माणसं. मधल्या पॅसेजमध्ये संजीवनीबाई चहाचा ट्रे घेऊन तटस्थ फिरत होत्या. मनोहररावांनी मिशी पुसून सुरुवात केली. माणसाने स्वतःच्या पायावर उभं राहावं, सरकारने बोट धरलं की तो चालायचाच विसरतो. अरुणाताई उभ्या राहिल्या. उपाशी पोराला पायावर उभं राहा म्हणायला काय जातं, आधी त्याच्या पोटात काहीतरी जाऊ द्या. दोघंही चांगलं बोलत होते, हे टिपणीसांना कबूल करावं लागलं. वाईट हे, की दोघंही आपापल्या जागी खरे वाटत होते, आणि दर वाक्याला टाळ्या पडत होत्या. टाळ्या पडल्या की माणूस मागे फिरत नाही.

"असल्या माणसाशी संसार केला मी," अरुणाताई म्हणाल्या.

"आणि असल्या घरात मुलगा द्यायचा म्हणे," मनोहरराव म्हणाले, आणि दोघांनी पुन्हा टिपणीसांकडे बघितलं.

तेव्हा दाराशी उभी असलेली मैत्रेयी बोलली. आवाज चढवला नाही. "काका, काकू, एक विचारू? मागच्या वेळी तुम्ही मत कुणाला दिलंत?"

मनोहरराव अरुणाताईंकडे बघायला लागले आणि अरुणाताई छताच्या पंख्याकडे.

"तसं आम्ही," मनोहरराव म्हणाले, "अजून तिकडचे नागरिक नाही."

"ग्रीन कार्ड आहे," अरुणाताईंनी घाईने भर घातली. "मत देता येत नाही."

"इतक्या वर्षांत झालं नाही?" श्रीरामांच्या तोंडून निघून गेलं. अमेरिका त्यांच्या अखत्यारीत होती, पण हे त्यांनाही माहीत नव्हतं.

"दोनदा अर्ज आणला," मनोहरराव म्हणाले. त्यांचा आवाज आता गराजमधला नव्हता. "आपला पासपोर्ट परत करावा लागतो ना. अरुणा रडायला लागली."

"मी रडले? तू अर्ज कपाटात ठेवलास आणि किल्ली हरवली म्हणालास."

"मग इकडे, देशात कुणाला दिलंत?" मैत्रेयीने विचारलं.

इकडे यादीत नाव नव्हतं. हळूहळू चौकशी खोलीभर फिरली. बोटीवाले नेहमी समुद्रावर. कॉम्प्युटरवाले कधी इथे, कधी तिथे. श्रीरामांनी कॉलेजात असताना एकदा दिलं होतं, पण ते गॅदरिंगच्या सेक्रेटरीसाठी. इतकी भरलेली खोली, इतका तावातावाचा वाद, आणि त्यात एकाही माणसाला कशातच मत नव्हतं. चटईवरचं कुणीतरी हसलं. मग सोफ्यावरचं. मनोहरराव मिशीआड हसू दाबत होते, पण ते दबत नव्हतं.

"मग एक मतदान आत्ता घेऊ," मैत्रेयी म्हणाली. "लग्न माझं आणि अमेयचं. मतदार दोन. माझं मत हो आहे. दुसरं फोनवर घेते."

तिकडे पहाट होती. तिने स्पीकर सुरू केला. बराच वेळ घंटी वाजली, मग अमेयचा झोपेतला आवाज आला. मैत्रेयी म्हणाली, "आईबाबा इथे आहेत, तुझं मत हवंय." तो पटकन म्हणाला, "नो वे. मी सात वर्षांचा असल्यापासून यात पडत नाही."

"ग्रिम्सली नाही रे. आपलं लग्न."

"ओह. ते ना. हो. अर्थात हो. ते अजून झालं नाही का?"

टाळ्या पडल्या, आणि या वेळी दोन्ही बाजूंनी. अरुणाताईंनी उठून मैत्रेयीच्या पाठीवरून हात फिरवला आणि सांगितलं की पत्रिका बघितल्याशिवाय मुहूर्त निघणार नाही. मनोहरराव म्हणाले, "रजिस्टर." अरुणाताई म्हणाल्या, "बघू." टिपणीस हॉलच्या कोपऱ्यात उभे होते. कुणी त्यांना काही विचारत नव्हतं. त्या आठवड्यात त्यांना एवढं सुख कधी झालं नव्हतं.

पाहुणे एकाच टॅक्सीने चांगीला गेले, आणि विमानात शेजारी बसले.

नोव्हेंबरात अमेरिकेत निवडणूक झाली. टिपणीसांनी ठरवलं होतं की तिकडे लक्ष द्यायचं नाही, म्हणून सकाळी रेडिओ जरा हळू लावला. ग्रिम्सलींचं नाव काही आलं नाही. ऑफिसला जायच्या कपड्यांत, बूट घातलेल्या पायांनी, त्यांनी व्याह्यांना फोन लावला. अरुणाताईंनी उचलला.

"पडला," त्या म्हणाल्या.

"अभिनंदन म्हणू का?"

"मनोहर जेवला नाही. त्याचं मी समजू शकते. पण मलाही जेवण गेलं नाही हो. इतकी वर्षं तो माणूस रोज घरात होता. आता जो आलाय तो माझ्या बाजूचा आहे. त्याच्याबद्दल बोलायला अजून वाईट काही नाही. मनोहर म्हणतो, थोडे दिवस थांब, सापडेल."

टिपणीसांनी फोन खाली ठेवला. संजीवनीबाईंनी त्यांचा चेहरा बघितला आणि विचारलं, "कोण गेलं?" बूट काढून ते पुन्हा खुर्चीत बसले. त्या दिवशी त्यांनी गोदीतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. कारणाच्या जागी त्यांनी 'कुटुंबातील दुःखद घटना' असं कळवलं, आणि त्यात काही खोटं होतं असं त्यांना आजतागायत वाटलेलं नाही.